शॉर्टकट हाताला द्यावेत, कानाला नाही

उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, पाच मिनिटांत बोलणं 'ळ'वर येईल. उर्दूत हा वर्ण नाही, 'ण'ही नाही. त्यामुळे काल-काळ, वेल-वेळ, मूल-मूळ, मन-मण या जोड्या मुलाच्या कानाला एकच वाटतात. कानाला एक वाटलं की जीभही एकच उच्चार करते, आणि जीभ जे म्हणते ते वहीत उतरतं. मग 'मला वेल नाही' असं वाक्य लिहिलं जातं आणि त्यावर लाल रेघ पडते. लाल रेघेने कान तयार होत नाही. तो तयार होतो ऐकून, पुन्हा ऐकून, आणि मध्ये स्वतः म्हणून बघायला थोडी जागा मिळाली तर.

हे दुखणं फक्त मुस्लिम मुलांचं आहे असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून आलेल्या मुस्लिम घरांतली मुलं 'ळ' आणि 'ण' अगदी ठसक्यात म्हणतात, कारण गावात, शेतात, बाजारात तीच भाषा असते. उलट आमच्या वारज्यातल्या इंग्रजी शाळांतून येणारी, घरी मराठी बोलणारी कितीतरी मुलं 'ळ'ला अडखळतात. कानावर काय पडलं, एवढाच हा हिशेब. उर्दूवाल्या मुलांकडे तर काही बाबतींत जास्तीची शिदोरी असते. मराठीत 'जरा' म्हणजे थोडंसं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, लिहिताना एकच, बोलताना 'ज' वेगळा. ज्या मुलाला 'ज़' आणि 'ज' वेगळे म्हणायची घरातूनच सवय आहे, त्याला हा फरक शहरी मराठी मुलापेक्षा लवकर कळतो. वर्गात मी हे मुद्दाम सांगते. 'ळ'वरून हसू झालेल्या मुलाची मान त्याने जरा वर येते.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवली जाते. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीकडून पुस्तक येतं आणि ते छापील असतं. छापील पुस्तकातून 'ळ' ऐकू येत नाही. ज्या घरात आई-वडिलांनाही मराठी वाचायला जड जातं, तिथे शाळा सुटल्यावर मुलाला योग्य उच्चार ऐकवणारं कुणी नसतं. फोन मात्र असतो, घरात एकच का असेना.

म्हणून गेली काही वर्षं मी ध्वनिपाठ करते. रचना अगदी साधी. मी 'काल' म्हणते, तीन सेकंद रिकामे, तेवढ्यात मूल म्हणतं. मी पुन्हा 'काल' म्हणते, दोन सेकंद रिकामे, मग 'काळ'. अशा चाळीस जोड्या, म्हणजे ऐंशी शब्द, प्रत्येक दोनदा. सगळं मिळून साधारण साडेनऊ मिनिटं. एकाच वाहिनीची, ६४ केबीपीएसची एमपी३ फाइल केली तर साडेचार एमबीच्या आसपास बसते आणि पालकांच्या व्हॉट्सॲपवर सहज जाते.

ऐकायला साडेनऊ मिनिटं, पण करायला किती? घरगुती हिशेब मांडून बघू. एकशे साठ उच्चार. प्रत्येकानंतर चार कामं: उच्चाराचा शेवट शोधणं, पुढचा नको असलेला तुकडा निवडणं, त्या जागी मापाची रिकामी पट्टी लावणं, खूण करणं. म्हणजे सहाशे चाळीस हालचाली. माउसने एकेक बटण शोधत, मेनू उघडत गेलं तर प्रत्येकीला पाच सेकंद धरा. ३२०० सेकंद, जवळपास एक तास. त्यात चुकलेले शब्द पुन्हा म्हणणं आणि शेवटी पूर्ण ऐकून बघणं आलेलं नाही. हीच कामं डाव्या हाताच्या बोटांखाली आणली आणि प्रत्येकीला दीड सेकंद लागला, तर सोळा मिनिटं.

कुणी म्हणेल, मग बोलतानाच तीन सेकंद मोजून थांबा की! थांबते. पण त्या तीन सेकंदांत माझा श्वास असतो, खुर्चीची करकर असते, आणि वारज्यात राहत असाल तर मुंबई-बंगळूर महामार्गावरच्या ट्रकचा हॉर्न हमखास असतो. आमच्याकडे रेकॉर्डिंगची वेळ म्हणजे इशानंतर स्वयंपाकघर आवरलं, शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला की मग. तेव्हाही उड्डाणपुलाची घरघर थांबत नाही, फक्त एकसारखी होते. ती एकसारखी घरघर पुढे कामाला येते, ते सांगतेच.

मी ऑडॅसिटी वापरते. २००० साली आलेला, फुकट मिळणारा, साध्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम आहे. त्याच्या कळा शिकायला एक आठवडा पुरतो. स्पेसने वाजतं आणि थांबतं. आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. कंट्रोल-बीने निवडलेल्या जागी खूण पडते आणि तिला नाव देता येतं. कंट्रोल-आरने शेवटचा वापरलेला इफेक्ट पुन्हा लागतो. आणि शिक्षकांनी आधी शिकावी अशी एक आहे शिफ्ट-डी. वाचताना शब्द चुकला की जिथून चुकला तिथे कर्सर न्यायचा आणि शिफ्ट-डी दाबायचं. प्रोग्रॅम आधीची पाच सेकंदं तुम्हाला ऐकवतो आणि ठरलेल्या जागेपासून नवीन रेकॉर्डिंग सुरू करतो. आपलाच आवाज ऐकत आपण त्याच लयीत पुढे बोलू लागतो, सांधा कळत नाही. ऑडिओबुक वाचणारे असंच काम करतात. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती; त्यानंतर पुण्यात घरच्या कपाटात गाद्या लावून पुस्तकं वाचणारे आवाज वाढले. त्यांची ही पद्धत शाळेत यायला काहीच हरकत नाही.

आता प्रोग्रॅमेबल कीबोर्ड. नाव मोठं आहे, वस्तू छोटी. सहा, नऊ किंवा बारा कळांचा एक चौकोन, काहींना आवाजाच्या बटणासारखी फिरकी. कुठल्या कळीने काय करायचं ते तुम्ही ठरवता. एक कळ दाबली की पेस्ट, मग खूण, मग एंटर, असं तीन कळांचं काम एका दमात होतं. क्यूएमके नावाचं मुक्त सॉफ्टवेअर यातल्या अनेक कीबोर्डांच्या पोटात असतं. महत्त्वाचा गुण असा की ठरवलेलं सगळं त्या चौकोनातच राहतं. शाळेच्या संगणक कक्षात, जिथे काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथेही तो लावला की कळा पाठवायला सुरुवात करतो.

एवढा खर्च नको असेल तर तपकीर गल्लीत आकड्यांचा सुटा कीपॅड मिळतो, बँकेतले कॅशियर वापरतात तसला. ज्या लॅपटॉपला आकड्यांच्या वेगळ्या कळा नाहीत त्याला तो लावला की सतराएक रिकाम्या कळा हाती येतात, कारण त्या कळांचे संकेत वरच्या ओळीतल्या आकड्यांपेक्षा वेगळे असतात. ऑटोहॉटकी हा फुकटचा प्रोग्रॅम त्या कळांना हवं ते काम देतो. मात्र हे त्याच एका संगणकापुरतं. दुसऱ्या संगणकावर गेलात की पुन्हा मांडणी.

कीबोर्डचे 'लेयर' म्हणजे काय हे मला एका सहकारी मॅडमना समजावताना इन्स्क्रिप्ट कामाला आलं. इन्स्क्रिप्टमध्ये एकाच कळीवर खाली 'क' आणि शिफ्टबरोबर 'ख', खाली 'त' आणि वर 'थ'. तळमजला आणि पहिला मजला. प्रोग्रॅमेबल कीबोर्डला असे तीन-चार मजले बांधता येतात: एक रेकॉर्डिंगचा, एक कापाकापीचा, एक मराठी टायपिंगचा.

इथे उर्दू आणि मराठी दोन्ही टाइप करणाऱ्यांची खास अडचण येते. इंग्रजीतल्या व्हिडिओंमध्ये ती कुणी सांगत नाही, कारण त्यांना ती येतच नाही. कीबोर्डला अक्षर माहीत नसतं. तो फक्त कळीचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं 'आर' करायचं, 'ी' करायचं की उर्दूचं 'रे' करायचं, हे संगणक ठरवतो, त्या वेळी कोणती भाषा चालू आहे त्यावरून. खुणेला 'वेळ-३' असं मराठीत नाव दिलं आणि भाषा परत बदलायची राहिली, तर आर दाबल्यावर रेकॉर्डिंगच्या जागी दीर्घ वेलांटी मागितली जाते. एकेका अक्षरावर बांधलेले शॉर्टकट अशा वेळी चालतील याचा भरवसा नसतो. महागडा कीबोर्डसुद्धा यातून सुटत नाही, तोही तेच क्रमांक पाठवतो.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. आपल्या कीबोर्डवर एफ१ ते एफ१२ एवढ्याच कळा दिसतात, पण संगणकाला एफ२४पर्यंतच्या कळा ठाऊक असतात. आयबीएमच्या जुन्या टर्मिनलांवर त्या खरोखर असत. आज त्या बेवारस आहेत. प्रोग्रॅमेबल कीबोर्डच्या कळांना एफ१३, एफ१४, एफ१५ हे क्रमांक द्यायचे आणि ऑडॅसिटीच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन एफ१३ म्हणजे रेकॉर्ड, एफ१४ म्हणजे खूण असं सांगायचं. या कळांवर कुठल्याच भाषेचं अक्षर नाही. भाषा मराठी असो, उर्दू असो, एफ१३ हा एफ१३च राहतो. दोन लिप्यांत जगणाऱ्या माणसासाठी हा कीबोर्ड घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे, वेग त्यानंतर.

(मराठी माणसाला हे सगळं परदेशी वाटायचं कारण नाही. इन्स्क्रिप्टची मांडणी १९८६ मध्ये सरकारने प्रमाण केली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्यातल्या सी-डॅकमध्ये झालं. त्याच्याही आधीपासून गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटनी महाराष्ट्राला बोटांची भाषा शिकवली. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस ही प्रमाणपत्रं घेऊन किती घरं उभी राहिली, त्यात आपलीही घरं होती. तेव्हा 'हे मास्तरांचं काम नव्हे, टेक्निशियनचं' असं कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. न बघता टाइप करता येणारी माणसं आपल्याकडे कमी कधीच नव्हती.)

आता त्या रिकाम्या पट्टीकडे येऊ. ती प्रोग्रॅममधून आयती मिळते, पूर्ण शून्य आवाजाची. ती वापरू नये. खोलीत बोललेल्या शब्दानंतर एकदम शून्य आलं की फोन बंद पडल्यासारखं वाटतं. मूल म्हणायचं सोडून स्क्रीनकडे बघतं. त्यापेक्षा रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद कुणीही न बोलता खोलीच रेकॉर्ड करायची, त्यातली स्वच्छ तीन सेकंदं कापून घ्यायची आणि प्रत्येक शब्दानंतर कंट्रोल-व्हीने तीच लावायची. सिनेमाचा साउंड करणारे प्रत्येक ठिकाणची अशी शांतता मुद्दाम टिपून ठेवतात. वारज्याची शांतता म्हणजे पंखा आणि दूरची घरघर. ती शब्दाच्या पाठीमागेही आहे आणि रिकाम्या जागेतही आहे, म्हणून सांधा ऐकू येत नाही. काम मात्र डावीकडून उजवीकडे करत जावं, म्हणजे आधी केलेल्या खुणा सरकत नाहीत. आयुष्यभर उर्दू उजवीकडून लिहिणाऱ्या हाताला हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण वेळ कुठल्याच लिपीचं ऐकत नाही, स्क्रीनवर ती डावीकडूनच चालते.

१९५३ मध्ये पुण्यात आकाशवाणी केंद्र सुरू झालं. पुढे रेडिओवर टेपचा जमाना आला तेव्हा ही कापाकापी खरोखरची कापाकापी होती. रेडिओत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका गतीत सेकंदाला साडेसात इंच टेप पुढे सरकायची. तीन सेकंदांची जागा म्हणजे साडेबावीस इंच, जवळपास दोन फूट टेप. ती हाताने मोजायची, ब्लेडने तिरपी कापायची, चिकटपट्टीने जोडायची. माझ्या एका पाठातल्या ऐंशी मोठ्या जागांना दीडशे फूट टेप लागली असती. शब्दाचा शेवट शोधायला टेप हाताने मागेपुढे ओढत कान लावून बसावं लागे. त्या कष्टाचे पोवाडे गायचे नाहीत मला, ब्लेड गेलं ते बरंच झालं. पण ब्लेड टेकवण्यापूर्वी माणूस ऐकायचा, कारण कापलेलं परत जोडणं कटकटीचं होतं. आता कंट्रोल-झेडने सगळं परत येतं, म्हणून आधी ऐकायची गरज वाटेनाशी झाली आहे.

माझं म्हणणं इथे आहे. शॉर्टकट दोन जातींचे असतात. काही हाताचं काम कमी करतात: रेकॉर्ड, थांबा, पेस्ट, खूण, फाइल बाहेर काढा. हे जितके कराल तितके थोडे. दुसरे आपल्या वतीने ऐकतात. ऑडॅसिटीत 'ट्रंकेट सायलेन्स' नावाचा इफेक्ट आहे, एका कळीवर तो बांधता येतो. तो पूर्ण फाइल चाळतो आणि जिथे आवाज ठरावीक पातळीच्या खाली आहे ती जागा आखडून टाकतो. मुलाखतीचं, गप्पांचं रेकॉर्डिंग असेल तर फार सोयीचा. ध्वनिपाठावर लावला तर साडेनऊ मिनिटांचा पाठ तीन-चार मिनिटांचा होतो आणि त्यात मुलाला बोलायला जागाच उरत नाही. यंत्राच्या लेखी ती शांतता होती. वर्गाच्या लेखी ती मुलाची पाळी होती.

मुलं स्वतःही ही जागा कापतात, तो भाग वेगळा. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने व्हॉइस मेसेज दीडपट-दुप्पट वेगाने ऐकायची सोय दिली. दुप्पट वेगाला माझी तीन सेकंदं दीड होतात. म्हणून मी आता पाठाच्या सुरुवातीलाच सांगते, 'एकच्या वेगावर ऐका, घाई करणाऱ्याचा ळ पळून जातो.' हसतात, आणि काही जण ऐकतात.

थांबण्याची जागा हा मजकुराचाच भाग असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मदरशात नाज़रा शिकलेल्या लहान मुलालाही ठाऊक असतं की आयतीवर छोटासा 'मीम' दिसला तर थांबायचंच आणि 'लाम-अलिफ़' दिसला तर थांबायचं नाही. चुकीच्या जागी थांबलं तर अर्थ बदलतो, म्हणून वक़्फ़च्या खुणा छापील असतात, क़ारी त्या पाळतात आणि उस्ताद त्यावरून टोकतात. हीच मुलं माझ्या वर्गात येतात. त्यांना थांबायला शिकवावं लागत नाही, थांबायला जागा तेवढी द्यावी लागते.

दुसरी ऐकणारी कळ म्हणजे डोळा. हे विचित्र वाटेल. स्क्रीनवर आवाजाचा आलेख दिसतो, डोंगर-दऱ्या. सराव झाला की माणूस न ऐकता डोंगराच्या पायथ्याशी कापू लागतो. वेग वाढतो. पण त्या आलेखात 'काल' आणि 'काळ' जवळपास सारखेच दिसतात. 'ल'साठी जीभ दातांमागे टेकते आणि 'ळ'साठी मागे वळते. हा फरक कानाला लख्ख कळतो, त्या डोंगरात दिसत नाही. रात्री अकरा वाजता थकलेल्या तोंडातून 'काळ'चा 'काल' झाला असेल तर तो फक्त ऐकूनच सापडेल. मुलाच्या हाती तो गेला तर त्याच्या कानावर चूक दहा वेळा पडणार, तीही मॅडमच्या आवाजात.

न बघता हे काम करणारी माणसं आहेत आणि त्यांच्याकडून शिकावं. वारज्यापासून जवळ, कोथरूडला अंध मुलींची शाळा आहे. अंध व्यक्ती संगणक वापरते ती पूर्णपणे कळांवर; माउसचा बाण कुठे आहे हे दिसतच नसेल तर माउस काय कामाचा? ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी, मायकेल करन आणि जेम्स टेह यांनी, एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम उभा केला, २००६ पासून तो फुकट मिळतो. त्याच जेम्स टेह यांनी पुढे रीपर या ऑडिओ प्रोग्रॅमसाठी ओसारा नावाची जोड तयार केली. तिच्यामुळे अंध साउंड एडिटर रीपर पूर्ण कीबोर्डवर चालवतात. आपल्याला जो कीबोर्ड चैनीचा वाटतो तो त्यांच्यासाठी दार आहे. आणि ते आलेख बघून कापत नाहीत, कारण त्यांच्यापुढे आलेख नसतो. वेग आणि ऐकणं एकत्र नांदू शकतात याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मी स्वतः शेवटच्या फेरीत स्क्रीन बंद करते, इअरफोन लावते, आणि चुकलं तिथे फक्त खुणेची कळ दाबते. नऊ मिनिटांनी स्क्रीन उघडली की खुणा तयार.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, संगणकच हल्ली मराठी बोलतो. बोलू दे. पण तो लिपी वाचून बोलतो, आणि आपल्या लिपीत 'चार'मधला 'च' आणि 'चमचा'मधला 'च' एकच आहेत. 'जरा'चे दोन उच्चारही लिपीत एकच. वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. माणूस अर्थावरून करतो. यंत्राने बरोबर केला की नाही ते तपासायला पुन्हा माणसाचा कान लागतोच. शिवाय मूल ज्या आवाजाला वर्गात उत्तर देतं त्याच आवाजाला घरी उत्तर देतं, आणि हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. अनोळखी आवाजापुढे ते गप्प ऐकतं.

कातिबांची आठवण इथे निघतेच. १९८१ च्या सुमारास पाकिस्तानात अहमद मिर्झा जमील यांनी नस्तालीक़ची वीस हजारांच्या घरातली जोडरूपं यंत्रात बसवली, नूरी नस्तालीक़. पुढे इनपेज आलं आणि उर्दू वर्तमानपत्रांतून हाताने मजकूर लिहिणारे कातिब गेले. वर्तमानपत्र लवकर निघू लागलं. पण कातिब लिहिता लिहिता चुका दुरुस्त करायचा, मजकूर पहिल्यांदा वाचणारा तोच असायचा. तो गेल्यावर ते वाचणं कुणाकडे गेलं? बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नाही. यंत्र आलं याबद्दल माझी तक्रार नाही, इनपेजवर मी रोज प्रश्नपत्रिका करते. वाचलेला वेळ परत वाचण्यात घातला गेला नाही, ही तक्रार आहे.

आणि शिक्षकाचा वाचलेला वेळ तर फार लवकर चोरीला जातो. पोर्टलवर माहिती भरा, फोटो पाठवा, निवडणुकीचं काम, सर्वेक्षण. ध्वनिपाठाचा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो, तो झोपेतून काढलेला असतो. वरिष्ठांना कळलं की मॅडम पाठ पाऊण तास लवकर करतात, तर पुढची मागणी ठरलेली: मग आठवड्याला दोन करा. माझ्या माहितीतल्या एका शिक्षिकेवर हीच वेळ आली, आणि तिने पाठ करणंच सोडलं. म्हणून माझा हट्ट आहे की वाचलेली मिनिटं त्याच पाठात परत जावीत. पस्तीस मिनिटं वाचली तर दहा मिनिटं पूर्ण ऐकायला, पंधरा मिनिटं चुकलेले शब्द ताज्या आवाजात पुन्हा म्हणायला, आणि उरलेली दहा झोपायला. शाळांनी डिजिटल बोर्डावर लाखभर खर्च करावा, माझी ना नाही. पण त्यातून नऊ कळांचा एक कीपॅड आणि एक बरा माइक मराठीच्या शिक्षकाला मिळाला तर बोर्डावर वाजवायला काहीतरी तयार होईल.

ऑडॅसिटीत आपण ठरवलेल्या सगळ्या कळा एका छोट्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात आणि दुसऱ्याच्या संगणकात तशाच्या तशा घालता येतात. माझी फाइल मी दोन मैत्रिणींना दिली आहे. एक परभणीकडे शिकवते, एक भिवंडीत. कळांवर चिकटवायला आम्ही उर्दूत लिहिलेल्या पट्ट्या केल्या: 'बोलो', 'रुको', 'निशान', 'ख़ाली जगह'. भिवंडीच्या मैत्रिणीला तीन सेकंद कमी वाटतात. तिच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि ती पाठ स्पीकरवर वाजवते, सगळ्यांनी एकत्र म्हणून संपेपर्यंत चार लागतात. तिने चार केली. परभणीची दोनवर भागवते, तिकडच्या मुलांच्या कानावर मराठी आधीच भरपूर आहे. कीपॅडची कळ तीच, पट्टीची लांबी जिथल्या तिथे.

'ळ'च्या चाळीस जोड्या झाल्या, त्यात 'कल' आणि 'कळ' ही माझी आवडती, कारण कळ म्हणजे दुखणंही आणि कीबोर्डचं बटणही. 'ण'च्या मात्र अजून पंधराच जमल्या आहेत. 'मन-मण'सारख्या, दोन्ही शब्द मुलाला आधीपासून माहीत असतील अशा जोड्या हव्यात. शब्दकोशातून उकरून काढलेल्या नकोत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत महामार्ग रात्री जरा शांत असतो, तेव्हा रेकॉर्ड करायचा विचार आहे. फटाके थांबल्यावर.